लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात मेअखेरचा आठवडा: तारखा बाजूला ठेवा, ढग बघा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं सहा जणांचं कुटुंब, त्यात सत्तरीच्या आसपासचे आजी-आजोबा आणि ९ व १३ वर्षांची मुलं. मेचा शेवटचा आठवडा, सात रात्री, स्वित्झर्लंडमधला लाउटरब्रुनेन–ग्रिंडेलवाल्ड भाग. सगळे शाकाहारी. आराखडा तयार आहे: दोन रात्री इंटरलाकेन, दोन ग्रिंडेलवाल्ड, दोन वेंगेन, एक म्युरेन. तिसऱ्या दिवशी युंगफ्राउयोख (३४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन), चौथ्या दिवशी मेन्लिखेन ते क्लाइन शाइडेग पायी. आराखडा बरोबर आहे का, आणि स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा का?

आराखड्यातली ठिकाणं चांगली आहेत, मांडणी चुकली आहे. सात रात्रींत चार मुक्काम नकोत, आणि शिखर तारखेला बांधू नका. तिसरी अडचण मे महिन्याची आहे, ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

मे महिन्यापासूनच सुरुवात करू. आपल्या शाळांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये, म्हणून मराठी कुटुंबं तेव्हाच निघतात. पण आल्प्समध्ये तो दोन मोसमांमधला काळ असतो. स्कीइंग संपलेलं असतं आणि उन्हाळी मोसम नीट सुरू झालेला नसतो. केबलकार आणि दातेरी रुळांच्या गाड्यांची वार्षिक तपासणी याच दिवसांत होते. तिला तिथे ‘रेव्हिझियोन’ म्हणतात. दोन हजार मीटरच्या वरच्या पायवाटांवर अजून बर्फ असतो. मेन्लिखेन–क्लाइन शाइडेग ही वाट सुमारे साडेचार किलोमीटर, जवळजवळ सपाट, दीड तासाची. जुलैत ती लहान मूलसुद्धा चालतं. मेअखेरीस मात्र तिच्यावर कडेच्या उतारावरून आलेल्या हिमलोटाचे ढिगारे असू शकतात आणि फलकावर ‘गेश्पेर्ट’ म्हणजे बंद लिहिलेलं असतं. ग्रिंडेलवाल्डच्या वरच्या फर्स्ट या ठिकाणाहून बाखआल्पझे तळ्याकडे जाणाऱ्या वाटेचंही तेच, आणि तळं स्वतःच अर्धं गोठलेलं. शिनिगे प्लाटेची १८९३ सालची जुनी दातेरी रेल्वे साधारण जूनमध्ये सुरू होते. हे सगळं मनातून काढून टाका. (दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांचंही हेच होतं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा रेव्हिझियोन असतंच.)

त्या बदल्यात मे जे देतो ते ऑगस्टमध्ये मिळत नाही. बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे भरात असतात. श्टाउबबाख २९७ मीटर उंचीवरून पडतो. उन्हाळा सरता सरता तो वाऱ्यावर उडणारी फवार होतो, मेअखेरीस खरा धबधबा असतो. खालची कुरणं फुललेली असतात आणि जुलैसारखी गर्दी नसते. अपवाद दोन सुट्ट्यांचा: ईस्टरच्या रविवारनंतर ३९ व्या दिवशी येणारा गुरुवार आणि ५० व्या दिवशी येणारा सोमवार. यंदा ते कधी येतात ते पाहून ठेवा. गुरुवारला जोडून लोक शुक्रवारची रजा टाकतात, मग गाड्या आणि वाहनतळ भरतात, दुकानं बंद असतात.

आता मुक्काम. इंटरलाकेन ओस्ट ते लाउटरब्रुनेन गाडीनं वीस मिनिटं, ग्रिंडेलवाल्ड पस्तीस मिनिटं. लाउटरब्रुनेनहून वेंगेन पंधरा मिनिटांच्या आत. इतक्या जवळच्या ठिकाणी रोज बाडबिस्तारा हलवण्याचं कारण नाही. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, पुढची तीनला मिळणार, म्हणजे प्रत्येक बदलाला अर्धा दिवस आणि सहा बॅगा. तुमच्या आराखड्यात असे तीन अर्धे दिवस जातात, आणि नेमकी तीच स्वच्छ आभाळाची सकाळ निघाली तर ती बॅगा भरण्यात संपते.

सातही रात्री लाउटरब्रुनेनमध्ये, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आत, स्वयंपाकघर असलेल्या घरात राहा. गाव ८०० मीटरच्या आसपास आहे आणि तिथून तिन्ही दिशा सुटतात: वर वेंगेनकडे दातेरी रेल्वे, समोरच्या कड्यावर ग्रूट्शाल्पला केबलकार, आणि दरीतून श्टेखेलबेर्गकडे पिवळी पोस्टबस, क्रमांक १४१. तोटे दोन. दिवसा फोटोवाल्यांची गर्दी, आणि दोन्हीकडच्या उभ्या कड्यांमुळे ऊन उशिरा येतं, लवकर जातं. ते खटकणार असेल तर वेंगेन घ्या. १२७४ मीटर, मोटारी नाहीत, ऊन भरपूर. फक्त प्रत्येक वेळी ती एक गाडी जास्तीची धरावी लागते. म्युरेन सुंदर आहे, पण गल्ल्या चढउताराच्या आणि खाली यायला दोन बदल. आजी-आजोबांना मुक्कामाला नको. इंटरलाकेन हे गाडी बदलायचं आणि किराणा घ्यायचं गाव समजा.

घर घेताना दोन गोष्टी आधी विचारा. बरीच घरं शनिवार ते शनिवारच देतात, आणि शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे असतात. तिथे कचरा कुठल्याही पिशवीत टाकता येत नाही. कर भरलेली ठरावीक पिशवीच लागते. घरमालक एखादी देतो, पुढच्या दुकानातून घ्यायच्या.

इंटरलाकेन ओस्टला पहिली चूक होते ती गाडीत चढताना. लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डची गाडी तिथून एकच सुटते आणि त्स्वाइल्युट्शिनेनला तिचे दोन भाग होतात. एक भाग एका दरीत, दुसरा दुसऱ्या. फलाटावरच्या पाटीवर कोणत्या विभागात कोणता भाग उभा आहे ते असतं, डब्याच्या बाजूलाही लिहिलेलं असतं. सहा जण घाईत दोन दारांनी चढले तर आजोबा ग्रिंडेलवाल्डला पोचतात. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. छोट्या थांब्यांवर गाडी मागणीवरच थांबते, तिथेही बटण.

पासचं गणित. स्विस ट्रॅव्हल पास (३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा) देशभराच्या गाड्या, बस, सरोवरातल्या बोटी फुकट करतो; पण या भागात त्याची फुकट हद्द वेंगेन, ग्रिंडेलवाल्ड आणि म्युरेनला संपते. त्यापुढे युंगफ्राउयोखला फक्त २५ टक्के सूट, शिल्टहॉर्न शिखराला म्युरेनपासून वर ५० टक्के. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि जवळजवळ सगळं निम्म्या दरात देतं, युंगफ्राउयोखसुद्धा. एकाच खोऱ्यात आठवडा काढणाऱ्याला बहुधा हाफ फेअर कार्डच परवडतं: युंगफ्राउयोखचं तिकीट आणि विमानतळाची जा-ये एवढ्यातच त्याची किंमत वसूल होते. ट्रॅव्हल पास ल्युसर्न, माँट्रो, झेर्माट असं भटकणाऱ्यांसाठी. मोसमात ‘युंगफ्राउ ट्रॅव्हल पास’ आणि ‘बर्नर ओबरलांट पास’ असे प्रादेशिक पासही मिळतात आणि हाफ फेअर कार्ड असेल तर ते स्वस्त पडतात. पण मेअखेरीस त्यांतल्या काही जागा बंद असू शकतात, म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: नकाशावर सलग रेघ (फुकट) कुठे संपून तुटक रेघ (सूट) सुरू होते, आणि तुमच्या तारखांना ते मार्ग सुरू आहेत का. मुलांसाठी कार्डाबरोबरच ‘स्विस फॅमिली कार्ड’ मागून घ्या. ते मोफत असतं. आई किंवा वडील बरोबर असतील तर ६ ते १५ वर्षांची मुलं फुकट जातात. आजी-आजोबांच्या भरवशावर मुलांना वेगळं पाठवलं तर ते कार्ड उपयोगाचं नाही.

आता मुख्य गोष्ट, दिवस कसे ठरवायचे.

मे-जूनमध्ये सकाळी आभाळ स्वच्छ असलं तरी ऊन उतारांवर पडलं की गरम हवा दरीच्या भिंतींवरून वर चढते, थंड होते आणि अकरा-बाराच्या सुमारास शिखरांवर ढग जमायला लागतात. दुपारी गडगडाट. म्हणून उंच जायचं तर पहिल्या-दुसऱ्या गाडीनं. गावाचा हवामान अंदाज बघून उपयोग नाही. ८०० मीटरवर ऊन असताना ३४५४ मीटरवर पांढरी भिंत असू शकते. स्विस हवामान खात्याच्या मेटिओस्विस ॲपमध्ये शिखराच्या जागेचा अंदाज आदल्या संध्याकाळी बघा, आणि सकाळी सहाला युंगफ्राउयोख, मेन्लिखेन आणि शिल्टहॉर्नचे थेट कॅमेरे. हीच चित्रं स्टेशनांवरच्या पडद्यांवरही फिरत असतात. तिकीटखिडकीवरचे लोक त्या पडद्याकडे बोट दाखवतात ते उगाच नाही. ढग होते म्हणून तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

मग दिवसांचे तीन ढीग करा. पूर्ण स्वच्छ सकाळ मिळाली की ती युंगफ्राउयोखची, मग ती दुसरी असो की सहावी. अर्धवट ढग असतील तर १२०० ते २२०० मीटरचा टप्पा: म्युरेन, वेंगेन, फर्स्ट. पाऊस असेल तर ट्रुमेलबाखचे धबधबे, सरोवर, बर्न. सात दिवसांत किमान एक स्वच्छ सकाळ बहुतेक वेळा मिळते, पण ती कितवी हे जानेवारीत पुण्यात बसून ठरत नाही. ती पहिल्याच दिवशी आली तर? विमानाचा शीण असला तरी जा. ‘उद्या जाऊ’ म्हणून घालवलेली सकाळ परत येत नाही.

अपवाद फ्योन वाऱ्याचा. दक्षिणेकडून येणारा हा कोरडा, उबदार वारा आभाळ काचेसारखं करतो, पण झोत इतके जोराचे की केबलकार थांबतात. दातेरी गाड्या तेव्हाही बहुधा चालतात, म्हणून मेन्लिखेनची केबलकार बंद दिसली की दिवस सोडून देऊ नका, क्लाइन शाइडेगला गाडीनं जा.

युंगफ्राउयोख (आपल्याकडे ‘जुंगफ्राउ’ म्हणतात, तिथे ‘युंगफ्राउ’ म्हटलं की लगेच कळतं) हे ३४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन. आडोल्फ गुयर-त्सेलर यांच्या कल्पनेवरून १८९६ मध्ये काम सुरू झालं आणि १ ऑगस्ट १९१२ ला गाडी वर पोचली. नऊ किलोमीटरच्या मार्गातले सात आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून जातात. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. तुलनेला सांगायचं तर म्युरेन (१६३८ मीटर) आपल्या कळसूबाईइतकं आणि त्याच्या खालचं गिमेलवाल्ड गाव महाबळेश्वरइतकं. पण युंगफ्राउयोख म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट उंची, तीही दीड-दोन तासांत.

म्हणून जाताना जुना मार्ग घ्या: लाउटरब्रुनेन–वेंगेन–क्लाइन शाइडेग (२०६१ मीटर). तिथे अर्धा-पाऊण तास थांबा, चहा घ्या, आयगरची उत्तर भिंत बघा, आणि मग वरची गाडी. येताना आयगरग्लेचरला उतरून २०२० साली सुरू झालेल्या आयगर एक्सप्रेस या केबलकारनं १५ मिनिटांत ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला या. बहुतेक सहली उलट करतात, झटपट वर आणि रमतगमत खाली. वेळ तेवढाच वाचतो, पण डोकं दुखतं ते अशा लोकांचं. बोगद्यातल्या आइसमेअरला गाडी पाचेक मिनिटं थांबते. तिथे खिडकीकडे धावू नका, चालत जा. वर पोचल्यावर पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू. लिफ्टनं श्फिंक्स गच्चीवर (३५७१ मीटर) आधी जा, कारण ढग आले तर तेच दृश्य सगळ्यांत आधी हरवतं. ‘आलेच’ नावाची हिमनदी, बर्फाचा महाल, चॉकलेटचं दुकान नंतर. गरगरलं, मळमळलं, बोलणं अडखळलं तर बसून बरं वाटायची वाट पाहू नका, पुढची गाडी धरून खाली या; खरा उतारा म्हणजे खाली येणं. हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास असेल तर निघण्याआधी पुण्यातल्या डॉक्टरांना ‘३५०० मीटर, दोन तास’ असं स्पष्ट सांगून विचारा. आजोबांना जमणार नसेल तर क्लाइन शाइडेगपर्यंतचा दिवसही पुरेसा मोठा आहे.

मेअखेरीस वर तापमान शून्याखाली असतं. जाडजूड एका जॅकेटपेक्षा तीन पातळ थर आणि वर वारारोधक. बर्फावरच्या उन्हासाठी काळा चष्मा प्रत्येकाला, मुलांनाही. तळाला पकड असलेले बूट हवेत, बर्फाच्या महालाची जमीन बर्फाचीच आहे. ठरावीक गाडीची जागा १० फ्रँक जास्त देऊन राखता येते. ते आदल्या संध्याकाळी, अंदाज बघून करा. वर भारतीय जेवणाची सोय असते, पण ती सहलींच्या गटांनी भरलेली. डब्यात पोळी-भाजी असेल तर दोन तास मोकळे राहतात.

एकाच शिखराचे पैसे असतील तर? हिमनदी आणि बर्फात उभं राहायचं असेल तर युंगफ्राउयोख. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही रांग समोर बघायची असेल तर शिल्टहॉर्न (२९७० मीटर), कारण युंगफ्राउयोखला तुम्ही त्या रांगेच्या मधोमध उभे असता, ती दिसत नाही. शिल्टहॉर्न बरंच स्वस्तही आहे. श्टेखेलबेर्ग–म्युरेन ही नवी केबलकार डिसेंबर २०२४ पासून चालते, चढ १५९.४ टक्के, जगात सर्वांत तीव्र. मुलं खूश होतील, आजींना खिडकीपासून लांब उभं करा. पण तपासणीच्या तारखा आधी बघा.

अर्धवट ढगांच्या दिवसासाठी या भागातली सर्वांत मोलाची वाट म्हणजे ग्रूट्शाल्प ते म्युरेन. केबलकारनं वर, मग रुळांच्या कडेकडेनं साधारण सव्वा तास, समोर सतत तीन शिखरं. मध्ये विंटरएगला थांबा आहे, दमलेल्यांना तिथून गाडीत बसवा. पुढे म्युरेन–गिमेलवाल्ड डांबरी उतार आहे, पाऊण तासाचा, पण सुमारे पावणेतीनशे मीटरची उतरण गुडघे पकडते. आजी-आजोबांनी म्युरेनहूनच परतावं. दरीच्या तळातून लाउटरब्रुनेन–श्टेखेलबेर्ग हा दोन तासांच्या आतला सपाट रस्ता कुठल्याही संध्याकाळी करता येतो, मेमध्ये नऊपर्यंत उजेड असतो. दमलात की १४१ क्रमांकाची बस.

पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असतो. तोही न थांबता, सराईत चालणाऱ्याचा. तुमच्या कुटुंबानं दीडपट धरावा. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरवाट, पांढरी-निळी-पांढरी तुमच्यासाठी नाही. कुरणातलं गवत हे गुरांचं हिवाळ्याचं अन्न. फोटोसाठी त्यात शिरू नका. वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका. आपल्या गायीसारखी ती मवाळ असेल असं धरून चालू नये.

पावसाचा दिवस ट्रुमेलबाखला द्या. डोंगराच्या पोटातले दहा धबधबे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउचं वितळलेलं पाणी, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आतली लिफ्ट सहाव्या धबधब्यापाशी सोडते, पुढे ओल्या पायऱ्या. आजी-आजोबांनी लिफ्टनंच परतावं. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. पाऊस दिवसभराचा असेल तर इंटरलाकेन ओस्टहून ब्रियेंझची बोट धरा, सव्वा तास छपराखाली बसून, आणि परत गाडीनं. किंवा बर्न, जिथे जुन्या बाजारातल्या कमानींखालून छत्रीशिवाय फिरता येतं.

शाकाहार. डोंगरावर र्योस्टी (किसलेल्या बटाट्याचा जाड थालीपीठासारखा प्रकार) आणि आल्प्लरमाग्रोनेन (मकरोनी, बटाटा, चीज) सगळीकडे मिळतात, पण दोन्हींत डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ (मांसाशिवाय, डुकराच्या खारवलेल्या मांसाशिवाय) असं दोन्ही म्हणा, कारण श्पेकला बरेच जण मांसात धरत नाहीत. जवाच्या सुपातही बहुधा मांस असतं. पारंपरिक चीज वासराच्या रेनेटचं (दूध घट्ट करणाऱ्या, वासराच्या जठरातल्या पदार्थाचं) असतं, तेवढं काटेकोर पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

घरी रांधायचं तर भाजणी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला, मूगडाळ न्या. तूप, पनीर, पेढे, दुधाची पावडर नेऊ नका; भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. तुपाची अडचण नाही: तिथल्या दुकानांत ‘ब्राटबुटर’ नावानं जे मिळतं ते कढवलेलं लोणीच. ‘क्वार्क’ म्हणजे जवळजवळ चक्का. साखर-वेलची घालून फेटला की मुलांना श्रीखंड. शेगडी इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, म्हणून स्टीलचा सपाट बुडाचा तीन लिटरचा न्या. फोडणी देताना चिमणी चालू आणि खिडकी उघडी. धुराची घंटा वाजली की शेजारी जमतात. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून शनिवारी इंटरलाकेन ओस्ट स्टेशनसमोरच्या मोठ्या दुकानात दोन दिवसांचा किराणा घ्या. पाणी विकत घेऊ नका, नळाचं प्या. फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ लिहिलेलं टाळा.

स्विस सॉकेटमध्ये आपल्या तीन गोल पिनांचा प्लग बसत नाही, जाड जर्मन प्लगही नाही. बारीक दोन पिनांचा चालतो. रुग्णवाहिका १४४, डोंगरातला हेलिकॉप्टर बचाव १४१४. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा घ्यावाच लागतो, पण त्यात हेलिकॉप्टरचा खर्च आहे का ते कागदात शोधा, एजंटला तोंडी विचारू नका.

परतीच्या शनिवारी खोली दहाला सुटेल. लाउटरब्रुनेन ते झुरिक विमानतळ बदलांसह सुमारे पावणेतीन तास. इंटरलाकेन ओस्ट आणि बर्नला गाडी बदलताना फलाटांवर काही मिनिटंच मिळतात आणि तुमच्याकडे सहा बॅगा असतील. हिशेबाच्या गाडीआधीची एक गाडी धरा, आणि कचऱ्याची पिशवी आदल्या रात्रीच बाहेर ठेवा.